जुन्या गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गळती: आधी शोधा, मग खोला

गाडीखाली लाल डाग दिसला की गॅरेजवाला वाकून बघतो, बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या घंटेसारख्या आवरणाच्या) तळाला लटकलेला थेंब बोटाने पुसतो आणि सांगतो, "फ्रंट सील गेलाय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." फ्रंट सील म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या तोंडाशी तेल अडवणारी रबरी कडी. आम्हालाही हेच सांगितलं गेलं होतं. दोन दिवस खपून गिअरबॉक्स उतरवला, सील बदलला, परत चढवला. तिसऱ्या दिवशी डाग तिथेच, तेवढाच. गळत होतं ते पॉवर स्टीअरिंगच्या होजमधून. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांमध्ये स्टीअरिंगलाही तेच लाल तेल असतं. ते फ्रेमवरून वाहत मागे येऊन बेल हाउसिंगखाली ठिबकत होतं.

थेंब पडतो ती जागा आणि तेल निघतं ती जागा एकच असेल असं नाही. तेल खाली ओघळतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. म्हणून गळतीचं मूळ ओल्या भागाच्या सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात पुढच्या टोकाला शोधायचं. खाली दिलेला क्रम त्याच हिशोबाने लावला आहे: फुकटच्या तपासण्या आधी, गिअरबॉक्स उतरवणं सगळ्यात शेवटी.

उदाहरणासाठी साठच्या दशकातल्या शेव्हरोलेमध्ये येणारा दोन गिअरचा ॲल्युमिनियम पॉवरग्लाइड धरला आहे, कारण माझ्या हाताखालून तोच गेला. टर्बो हायड्रामॅटिक ३५० किंवा जुन्या मर्सिडीजचा बॉक्स असला तरी क्रम हाच ठेवा. मापं आणि तेलाचा प्रकार मात्र त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

टप्पा १: पुठ्ठा अंथरा

फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा रात्रभर गाडीखाली, इंजिनापासून मागच्या ॲक्सलपर्यंत पसरा. पुढच्या चाकांची जागा पेनाने आखून ठेवा, म्हणजे सकाळी कुठला डाग कशाखाली आहे ते कळेल.

पातळ आणि लाल असेल तर गिअरबॉक्स किंवा स्टीअरिंग. काळपट, दाट असेल तर इंजिन ऑइल. हिरवट, चिकट पाणी असेल तर कूलंट. पण जुनं झालेलं गिअरबॉक्सचं तेलही तपकिरी होतं, म्हणून रंगावर एकट्यावर भरवसा ठेवू नका. गिअरबॉक्सच्या डिपस्टिकचा एक थेंब आणि इंजिनच्या डिपस्टिकचा एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर शेजारी टेकवा आणि पुठ्ठ्यावरच्या डागाशी ताडून पाहा.

स्टीअरिंग पंपाची टाकीही आत्ताच उघडून बघा. पातळी खाली गेली असेल तर आधी तिकडचं बघा. मी बघितलं असतं तर दोन दिवस वाचले असते.

*थांबा:* डिपस्टिकवर तेल स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी, दुधाळ दिसलं तर हा लेख इथेच बाजूला ठेवा. रेडिएटरच्या आतला गिअरबॉक्सचा कूलर फुटून पाणी तेलात मिसळलं आहे. पाण्याने क्लच प्लेटांवरचं अस्तर सुटतं. ती गाडी चालवायची नाही, टो करूनच न्यायची.

टप्पा २: पातळी आणि ब्रीदर

जास्त तेल भरलेला गिअरबॉक्सही गळतो. फिरणारे भाग तेलात बुडून फेस होतो आणि तो ब्रीदरमधून, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणाऱ्या भोकातून, बाहेर येतो. आपल्याकडे पातळी थंड इंजिनवर, बंद गाडीत बघायची सवय आहे, ती इंजिन ऑइलची. इथे ती चालत नाही. गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवून गरम करा, सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढा. पॉवरग्लाइडला लिव्हर न्यूट्रलमध्ये ठेवायचा. इतर बॉक्सना कुठे पार्क, कुठे न्यूट्रल, ते मॅन्युअलमध्ये असतं. डिपस्टिकवरच्या 'ॲड' आणि 'फुल' या खुणांमध्ये फरक फक्त एका पाइंटचा, म्हणजे जेमतेम अर्ध्या लिटरचा आहे. बंद गाडीत बघून लिटरभर ओतणारे इथेच फसतात.

ब्रीदर बंद असेल तर आतली गरम हवा सीलमधून वाट काढते आणि बरोबर तेल आणते. पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीत कुंभारमाशीने त्या भोकात मातीचं घरटं केलेलं मी स्वतः काढलं आहे. आजूबाजूची माती आधी पुसून मऊ तारेने भोक मोकळं करा. माती आत ढकलू नका.

आणखी एक गोष्ट, विशेषतः लग्नसराईला आणि मोटार रॅलीलाच बाहेर निघणाऱ्या गाड्यांसाठी. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनाची फिरकी तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या गोल डब्यातलं) तेल हळूहळू परत चेंबरमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या थाळ्यात, उतरतं. चेंबरमधली पातळी नेहमीपेक्षा बरीच वर चढते आणि गिअर लिव्हरच्या शाफ्टचा सील तेलात बुडतो. म्हणून रोज चालणारी गाडी कोरडी आणि उभी गाडी गळकी, असा प्रकार दिसला तर संशय आधी त्या छोट्या शाफ्ट-सीलवर घ्या.

टप्पा ३: धुवा, वाळवा, पावडर मारा

हा टप्पा सगळे गाळतात, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त चुका इथे होतात. वर्षानुवर्षांचं तेल-माती बसलेलं असताना ताजी गळती दिसणं शक्य नाही.

केरोसीन आणि ब्रश घेऊन इंजिनची मागची बाजू, बेल हाउसिंग, चेंबरची कड, कूलरच्या नळ्या, मागचं टोक असं सगळं धुवा. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन नको. पाणी ब्रीदरमधून आणि डिपस्टिकच्या नळीतून आत जातं. केरोसीन पूर्ण उडेपर्यंत थांबा, इंजिन थंड ठेवा आणि आसपास विडी-सिगारेट कुणाला ओढू देऊ नका.

कोरड्या धातूवर टाल्कम पावडर फवारा. कुणीतरी पांढरी रांगोळी सुचवेल. ती नको, ती खरखरीत असते, सीलच्या ओठात शिरली तर शाफ्ट घासून काढेल. मग गाडी दहा मिनिटं चालवा, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवा, इंजिन बंद करा आणि टॉर्च घेऊन खाली जा. पावडरवर तेलाची रेघ स्पष्ट उमटते. तिच्या वरच्या टोकापर्यंत जा.

पावडरने कळलं नाही तर गिअरबॉक्सच्या तेलात यूव्ही डाय घाला. नोटा तपासायच्या छोट्या यूव्ही टॉर्चमध्ये ती चमकते. डाय फक्त गिअरबॉक्समध्ये घालायची, स्टीअरिंगमध्ये नाही. मग जे चमकेल ते गिअरबॉक्सचंच.

*तपासा:* बेल हाउसिंगखालचं पत्र्याचं झाकण काढून आत बघा. फ्लेक्सप्लेटची (इंजिनाला कन्व्हर्टर जोडणाऱ्या चकतीची) इंजिनकडची बाजू ओली असेल तर इंजिनचा मागचा सील. कन्व्हर्टरची गिअरबॉक्सकडची बाजू ओली आणि बेल हाउसिंगच्या आत तेल गोल उडालेलं असेल, तरच फ्रंट सील किंवा पंप. दोन्ही बाजू कोरड्या असतील तर गिअरबॉक्स उतरवायचं नाव काढू नका.

टप्पा ४: गाडी उचलण्याआधी

विटांच्या थप्पीवर गाडी ठेवून खाली झोपणारे लोक मी पाहिले आहेत. वीट न कुरकुरता फुटते. जॅक फक्त उचलायला, पेलायला लोखंडी घोड्याच. चारही घोड्या फ्रेमखाली, आणि खाली जाण्याआधी गाडी हाताने जोरात हलवून बघा. इम्पालासारखी गाडी पाच मीटरहून लांब असते. आमच्या वडोदऱ्यात, दांडिया बाजारातल्या अंगणात ती उचलायची तर घोड्या मांडायला जागा आहे का, ते आधी मोजा. उतार असेल तर दुसरी जागा शोधा.

पान्यांचा एक मुद्दा. अमेरिकन गाडीचे बोल्ट इंची असतात. चेंबरच्या बोल्टला अर्ध्या इंचाची गोटी लागते, म्हणजे १२.७ मिलिमीटर. तेराची गोटी बसते असं वाटतं, पण जाम बोल्टवर घसरते आणि कडा खाते.

सुटे भाग हातात आल्याशिवाय काही खोलू नका. चेंबरचं पॅकिंग, फिल्टर, शाफ्टचे सील, ओ-रिंग असा संच बाहेरून मागवायला लागतो. ऑइल सील मात्र मापावरही मिळतो: शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. जुना सील बेअरिंगच्या दुकानात घेऊन जा आणि नायट्राइल किंवा व्हायटन असं मटेरियल नाव घेऊन मागा. फ्रंट सीलला व्हायटन चांगला, तो जास्त उष्णता सोसतो. नळवाल्याकडची साधी रबरी रिंग तेलात फुगते.

टप्पा ५: बाहेरून होणारी कामं

कूलरच्या नळ्या. रेडिएटरकडचा जॉइंट सोडवताना नेहमी दोन पाने लावा, एक रेडिएटरची फिटिंग धरायला, दुसरा नट फिरवायला. एकाच पान्याने जोर लावला तर रेडिएटरचं डाखकाम उखडतं. नळी खराब असेल तर स्टीलचीच नवी करून घ्या, टोकाला डबल फ्लेअर, म्हणजे दुहेरी दुमडलेली कड. एसीवाला तांब्याची नळी लावून देतो, दिसतेही छान, पण इंजिनच्या कंपनाने ती कडक होऊन काही महिन्यांत चिरते. रबरी तुकडा जोडायचाच असेल तर गिअरबॉक्स कूलरचा होज घ्या. पेट्रोलचा पाइप चालणार नाही.

व्हॅक्यूम मॉड्युलेटर. गिअरबॉक्सच्या अंगावरची ती छोटी डबी, जिला इंजिनकडून बारीक रबरी नळी येते. पातळी उतरते पण खाली डाग नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो? नळी काढा. आत लाल तेल असेल तर डबीतला पडदा फाटला आहे आणि इंजिन तुमचं तेल पिऊन टाकतं आहे. डबी बदला. काढताना तिच्या मागचा छोटा व्हॉल्व्ह निसटून पडतो, खाली हात धरा.

स्पीडोमीटर केबल. केबलवरून तेल ओघळत असेल तर तिच्या फिटिंगमधला ओ-रिंग किंवा सील. स्वस्त काम, पण मागच्या सीलची गळती समजून लोक प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे फिरकी नेणारा दांडा) खोलतात.

गिअर लिव्हरचा शाफ्ट-सील. लिव्हर काढण्याआधी शाफ्टवर त्याची जागा पंचाने किंवा रंगाने खुणावून घ्या. जुना सील काढताना स्क्रू-ड्रायव्हर शाफ्टला लागू देऊ नका, तिथे ओरखडा गेला की नवा सीलही गळणार. हे काम चेंबर उतरवलेला असताना सोपं जातं, म्हणून पुढच्या टप्प्याबरोबर उरका.

टप्पा ६: चेंबर

तेल कोमट असताना काढा, उकळतं असताना नाही. बऱ्याच चेंबरना ड्रेन प्लग नसतो. एका बाजूचे बोल्ट पूर्ण काढा, समोरच्या बाजूचे दोन-तीन फेरे सैल करा, चेंबर हळूच कलता करून तेल मोठ्या परातीत घ्या. दोन-तीन लिटरच निघेल. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं, ते साहजिक आहे.

चेंबरच्या तळाशी बघा. करडा, मऊ गाळ थोडा असणारच. धातूचे चकचकीत तुकडे दिसले किंवा तेलाला जळका वास आला, तर प्रश्न गळतीपुरता नाही.

आता खरी गोम. चेंबर गळतो म्हणून आधीच्या प्रत्येक मिस्त्रीने बोल्ट आणखी आवळलेले असतात. त्यामुळे प्रत्येक भोकाभोवतीचा पत्रा वर उचलला जातो आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट राहते. नवं पॅकिंग त्यावर बसवून काही होत नाही. चेंबरची कड लाकडी ठोकळ्यावर ठेवा, छोट्या हातोडीने एकेक भोक ठोकून सपाट करा, स्टीलची पट्टी उभी धरून उजेड दिसतो का ते बघा. उजेड दिसेनासा होईपर्यंत हे करायचं. मला चौदा भोकांना पाऊण तास लागला होता आणि ती गळती त्यानंतर परत आली नाही.

जुनं पॅकिंग ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावरून प्लॅस्टिकच्या तुकड्याने खरवडा, पटाशी लावू नका. नवं पॅकिंग कोरडंच बसवायचं. जागेवर धरायला व्हॅसलिनचे चार ठिपके पुरेत. सिलिकॉन लावू नका. त्याचे आत दबलेले दोरे सुटून फिल्टरमध्ये आणि व्हॉल्व्हच्या बारीक वाटांमध्ये अडकतात. "थोडं लावून घेऊ, चाली जशे," म्हणजे चालून जाईल, असं इथला मिस्त्री म्हणेल. म्हणू दे.

सगळे बोल्ट आधी हाताने लावा, मग मधून टोकांकडे आडवे-तिडवे, दोन फेऱ्यांत. शेवटचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, फक्त ८ फूट-पौंड, म्हणजे साधारण १.१ किलोग्रॅम-मीटर. मोठा टॉर्क पाना इतक्या खाली भरवशाचा नसतो, लहान घ्या.

*सावध:* बोल्ट फिरतो पण घट्ट होत नाही, म्हणजे आटे गेले. लांब बोल्ट घालून पुढे ढकलू नका. हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग, बसवून घ्या.

टप्पा ७: मागचा सील

*आधी हे वाचा:* प्रोपेलर शाफ्ट काढला की 'पार्क' काहीही धरून ठेवत नाही. गाडी मोकळी असते. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावूनच शाफ्टला हात घाला.

शाफ्ट आणि डिफरन्शियलच्या फ्लँजवर रंगाची एक रेघ ओढा, म्हणजे परत त्याच जागी बसेल. शाफ्ट ओढताच मागून तेल येईल. प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड तयार ठेवा.

सील काढण्याआधी दोन तपासण्या. शाफ्टचं टोक, ज्याला योक म्हणतात, त्याच्या घासलेल्या पट्ट्यावरून नख फिरवा. नख अडलं तर खाच पडली आहे, नवा सील तिथे टिकणार नाही. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, लेथवाल्याकडून तेवढ्या भागावर पातळ स्लीव्ह चढवून घ्या किंवा योक बदला. दुसरी तपासणी: योक परत आत घालून वर-खाली हलवा. जाणवण्याइतका खेळ असेल तर आतला बुश, म्हणजे शाफ्टला आधार देणारी कडी, गेला आहे. नुसता सील बदलला तर दोन महिन्यांत परत याच टप्प्यावर याल. हे सांगणारा मिस्त्री मला एकच भेटला, बाकी सगळ्यांनी सीललाच नावं ठेवली.

नवा सील बसवताना स्प्रिंगची बाजू आत. बाहेरच्या कडेला सीलंटचा अगदी पातळ हात, ओठाला तेल. हातोडीने एका बाजूला ठोकू नका, सील तिरका बसतो. त्याच्या बाहेरच्या व्यासाइतका जाड पीव्हीसी पाइपचा तुकडा सरळ कापून घ्या आणि त्यावर सगळीकडून सारखं ठोका.

टप्पा ८: फ्रंट सील, म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं

तिसऱ्या टप्प्यातल्या तपासणीने इथेच बोट दाखवलं असेल तरच. गिअरबॉक्ससाठी सपाट पाळण्याचा जॅक आणि किमान दोन माणसं लागतात.

बॅटरीची तार काढा. तेल, शाफ्ट, नळ्या, लिंकेज, केबल, डिपस्टिकची नळी. फ्लेक्सप्लेट आणि कन्व्हर्टरवर रंगाची खूण करून त्यांचे बोल्ट काढा. इंजिनच्या मागे लाकडी ठोकळा आणि जॅक लावून आधार द्या, मगच क्रॉस मेंबर, म्हणजे गिअरबॉक्स पेलणारी आडवी पट्टी, काढा. गिअरबॉक्स मागे घेताना कन्व्हर्टर त्याच्याबरोबरच यायला हवा. तो इंजिनला लटकत राहिला तर सील आणि पंप दोन्ही खराब होतात. बाहेर आल्यावर तो पुढे घसरू नये म्हणून पट्टी बांधा.

कन्व्हर्टरची मान नखाने तपासा. हलके डाग बारीक पॉलिश पेपरने गोल दिशेत पुसले जातात, आडवे घासायचे नाहीत. खाच असेल तर कन्व्हर्टर दुरुस्तीला. पंपाच्या बुशमध्ये खेळ आहे का बघा. पंपाभोवतीचा ओ-रिंग, पॅकिंग आणि बोल्टांखालचे रबर लावलेले वॉशर याच वेळी बदला. सील नवा आणि वॉशर जुना, म्हणजे सगळी उठाठेव परत.

कन्व्हर्टर परत बसवताना तो आत ढकलत हळूहळू फिरवा. एकेक खाच जुळली की 'ठक' होऊन आत सरकतो, असं दोन-तीनदा होतं. एकदा ठक झाल्यावर बसला असं समजणं ही या कामातली सगळ्यात महागडी चूक. बेल हाउसिंग हाताने इंजिनला पूर्ण टेकली पाहिजे आणि तेव्हाही कन्व्हर्टर सुटा फिरला पाहिजे, फ्लेक्सप्लेटपासून काही मिलिमीटर मागे. टेकत नसेल तर बोल्ट आवळून ओढू नका, पंपाचा गिअर फुटेल. गिअरबॉक्स परत मागे घ्या.

टप्पा ९: तेल भरणं आणि पहिली फेरी

पॉवरग्लाइडला डेक्सरॉन जातीचं तेल. जुन्या फोर्डच्या बऱ्याच बॉक्सना टाइप एफ लागतं, ते वेगळं. सीव्हीटीचं तेल कुठल्याच जुन्या बॉक्सला नाही. बाटलीतलं 'लीक स्टॉप' जुन्या रबराला फुगवून चार दिवस गळती थांबवतं आणि नंतर ते रबर मऊ पडून सुटतं.

आधी जेवढं निघालं तेवढं मोजून भरा, कन्व्हर्टर रिकामा झाला असेल तर जास्तीचं तेल हाताशी ठेवा. इंजिन सुरू करा, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून सावकाश फिरवा, मग थोडं थोडं भरत थंड पातळी 'ॲड'च्या किंचित खाली आणा. गरम झाल्यावर ती वर चढते.

आता गाडी उतरवा आणि मकरपुऱ्यापर्यंत जाऊन या, पंधरा-एक किलोमीटर होतात. मे महिन्याच्या भर दुपारी नको, पहिली फेरी सकाळची घ्या. परत आल्यावर इंजिन चालू ठेवून पातळी, मग बंद करून टॉर्चने प्रत्येक जॉइंट. चेंबरचे बोल्ट एकदा थंड झाल्यावर त्याच ८ फूट-पौंडांवर परत तपासा. कॉर्कचं पॅकिंग पहिल्यांदा दबतं.

काढलेलं तेल गटारात नको, कॅनमध्ये भरून जुनं ऑइल विकत घेणाऱ्याला द्या.

रात्री नवा पुठ्ठा अंथरा, चाकांच्या खुणांसकट. तो कोरडा निघाला तरी लगेच फेकू नका. गाडी पंधरा दिवस हलवू नका आणि पुठ्ठा तिथेच राहू द्या. कन्व्हर्टरमधलं तेल चेंबरमध्ये उतरल्यावर लिव्हरचा शाफ्ट-सील धरतो की नाही, ते तेव्हाच कळेल.